दर्शनगाडीची खुर्ची

नागपूरच्या सदरमधल्या त्या सलूनमध्ये मी याआधी कधी गेलो नव्हतो. एम.ए.ची तोंडी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती, आणि बाबा गावाहून मुद्दाम आले होते. सकाळीच म्हणाले, "केस नीट कापून घे. मास्तर लोक पहिले डोकं पाहातात, मंग डोक्यातलं." म्हणून आम्ही दोघं गेलो. बाबा दाराजवळच्या बाकावर बसले, कापडी पिशवी मांडीवर घेऊन. सलूनवाल्यानं मला कोपऱ्यातल्या मोठ्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

मी बसलो आणि उजव्या हाताला पितळेची एक कळ लागली. थंड, गुळगुळीत, अंगठ्याच्या मापाची. सलूनवाल्यानं ती दाबली, खुर्ची आरशाकडे फिरवली. कुर्र असा आवाज झाला. मोठा नाही, मांजर झोपेत करते तेवढाच.

तांबडं जाड कापड, कडेला पितळी पट्टी, डोकं टेकायच्या जागी पांढरी खोळ अडकवायची बटणं. मी आरशातून बाबांकडे पाहिलं. तेही खुर्चीकडेच पाहत होते.

"ओळखली काय?" सलूनवाला अभिमानानं म्हणाला. "काचगाडीची हाय. लिलावात निघाली तवा घेतली. गिऱ्हाईक बसलं का उठाचं नाव घेत नाही."

त्यानं माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं. पाण्याचा फवारा मानेवर आला. आणि मी, कसं सांगावं कळत नाही, तिथं राहिलोच नाही.

आमच्या टेंभरीहून इतवारीला येणारी सकाळची पॅसेंजर छोट्या लाईनीवरची. रूळ इतके जवळजवळ, की लहानपणी एक पाय या रुळावर आणि एक त्या रुळावर ठेवून उभं राहता येईल असं वाटायचं. स्टेशन म्हणजे एक टिनाचं छप्पर, एक कडुनिंब आणि फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा. गाडी मागच्या स्टेशनावरून सुटली की पोर्टर त्या तुकड्यावर लोखंडी दांडा मारायचा. तो टोला गावात ऐकू आला की माय चुलीवरचा तवा उतरवायची आणि गरम भाकर तशीच माझ्या डब्यात घालायची. डब्याचं झाकण हाताला पोळायचं. ती ऊब मी इतवारी येईपर्यंत छातीशी धरून ठेवायचो.

डब्यात शिरलं की आधी वास यायचा. दिवाळीच्या आगेमागे सीताफळांचा, गोड आणि थोडा आंबूस. मग सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, ओल्या जुड्यांचा, दुधाच्या कॅनचा, संत्र्याच्या सालीचा, आणि या सगळ्यांवर कोळशाच्या धुराचा. पौषात कोणीतरी उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणायचं. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, अजून वाफ धरून असलेल्या. वर्तमानपत्रावर ओतल्या की सगळा डबा सोलायला बसायचा, आणि टरफलं खिडकीबाहेर उडून मागच्या डब्यातल्या लोकांच्या तोंडावर जायची. पुढच्या स्टेशनावर ते लोक भांडायला यायचे आणि मूठभर शेंगा घेऊन परत जायचे.

कोळशाची कणी डोळ्यात गेली, तर शेजारची बाई पदराचा बोळा करायची, त्यावर तोंडानं ऊब द्यायची आणि तो डोळ्याला लावायची. ओळख असो नसो. गावात आमच्या घरचं पाणी न घेणाऱ्या बायाही डब्यात हे करायच्या. डब्याबाहेर ते कोणी बोलून दाखवत नसे.

बाबा गवंडी. तेही याच गाडीनं यायचे, थापी आणि ओळंबा पिशवीत घालून. इतवारीला उतरून मजुरांच्या नाक्यावर उभे राहायचे. धरमपेठेतल्या पुष्कळ बंगल्यांच्या भिंती त्यांच्या हातच्या आहेत. तरुण असताना ते याच गाडीच्या टपावर बसून धम्मदीक्षेला गेले होते, पांढरे कपडे घालून. परत आले तेव्हा ते कपडे काजळीनं काळे झालेले. मायनं खूप घासले, पण कॉलरवरची काजळी गेली नाही. बाबांनी तो सदरा कधी टाकला नाही. गाडीबद्दल कोणी वाईट बोललं, की ते एवढंच म्हणायचे, "हळू जाते, पन नेते."

मी आमच्या घरातला कॉलेजात जाणारा पहिला. गाडी वेळेवर गेली, तर धावतपळत पहिला तास मिळायचा. पहिला तास इंग्रजीचा.

मग ती दुसरी गाडी आली. कोणी आणली, का आणली, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. दसऱ्यानंतर एक दिवस स्टेशनावर रंगवलेली नवी पाटी दिसली. आमच्या डब्यात बसणारी, गावातली गिरजाबाई सीताफळांची पाटी डोक्यावर तशीच ठेवून म्हणाली, "वाच गा बाबू, काय लिवलं?"

मी वाचलं, "निसर्ग-दर्शन विशेष गाडी. ही गाडी येथे थांबणार नाही."

आता वाटतं, मी जरा मोठ्यानं आणि सावकाश वाचायला हवं होतं. पण बायांनी 'दर्शन' एवढाच शब्द उचलला. गावात गेला तो शब्द, आणि संध्याकाळपर्यंत दर्शनाची गाडी येणार असं झालं. कोणी म्हणालं, देवाचा रथ फिरवून राहिले सरकारवाले. कोणी म्हणालं, आतमध्ये मोठी मूर्ती आहे, काचेतून दिसते. मी सांगून पाहिलं, की निसर्ग म्हणजे झाडंझुडपं, ती पाहायला लोक येणार आहेत. गिरजाबाई हसली. "झाडं पाहाले कोण गाडीनं येते, बाप्पा?"

पहिल्या दिवशी निम्मं गाव फलाटावर. हळदीकुंकू, नारळ, तुपाचे दिवे. आमच्या वस्तीतलं कोणी ताट घेऊन गेलं नाही. माय म्हणाली, "आपन कोनाचं दर्शन घेत नाही आता." पण पाहायला ती आली, पदर डोक्यावर घेऊन, कडुनिंबामागे उभी राहिली.

गाडी आली. दुधावरच्या सायीच्या रंगाची, छपरापासून कमरेपर्यंत नुसती काच. इंजिनाचा धूरसुद्धा पांढरा वाटला. आत तांबड्या खुर्च्या, खुर्च्यांवर गोरे लोक आणि आपल्याकडचेही साहेब लोक, गॉगल घातलेले. प्रत्येकाच्या हातात कप. सगळ्या खुर्च्या आमच्याकडे तोंड करून होत्या. मूर्ती कुठं दिसेना. बायांनी ताटं वर केली, आणि काचेमागे कॅमेरे वर झाले. एका उघड्या झडपेतून कोणीतरी चकचकीत कागदातल्या गोळ्या फेकल्या. एक गिरजाबाईच्या ताटात पडली, कुंकवात.

गाडी निघून गेली. वाऱ्यानं दिवे विझले होते. गिरजाबाईनं गोळी उचलली, कुंकू झटकलं, म्हणाली, "दर्शन झालं नाही, परसाद मात्र भेटला." लोक हसले, पण कमी हसले. आणि कडुनिंबाच्या बाजूनं बाबांचा आवाज आला, शांत. "दर्शन झालं ना. तुमी घेतलं नाही, थ्यायनं घेतलं. तुमचं."

दुसऱ्या दिवसापासून आमची पॅसेंजर टेंभरीला बाजूच्या रुळावर उभी राहू लागली. काचगाडी मागून यायची, पुढे जायची, मग आम्ही. कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त. दूध तापायला लागायचं. सांबार मान टाकायचा. नाक्यावरची कामं वाटून जायची आणि बाबा रिकाम्या हातानं संध्याकाळची गाडी धरायचे. माझा पहिला तास तर बुडायचाच.

लोक स्टेशनमास्तरकडे जायचे. मास्तर बाहेरगावचा, सभ्य माणूस. त्याचं एकच उत्तर, "मी काय करू? वरून ऑर्डर आहे."

डब्यातली बोलणी बदलली. आधी भाव, लग्नं, पाऊस यांवर बोलायचे, आता फक्त त्या गाडीवर. "एका खुर्चीवर एक मानूस, आन् इथं एका मांडीवर दोन पोरं." "कपात काय पेतात लेकाचे सकाळी सकाळी?" "काच फुटली पायजे एक डाव." एक म्हातारा दूधवाला रोज काचगाडी गेली की रुळावर थुंकायचा. पूजा केल्यासारखा, न चुकता.

कॉलेजात उलटं होतं. धरमपेठेतली मुलं म्हणायची, आपल्या भागाचं नाव झालं, असं काही इकडं पहिल्यांदाच आलं. एकजण आईवडिलांबरोबर जाऊन आला होता. खुर्ची कशी गोल फिरते, जे पाहायचं तिकडं वळवता येतं, हे त्यानं हातानं करून दाखवलं. "मधे एक खेडं लागतं," तो म्हणाला, "तिथले लोक फार मजेशीर आहेत, आरती ओवाळतात." मी वहीत पाहत राहिलो. ते माझं गाव आहे, हे सांगायला तोंड उघडलं होतं. सांगितलं नाही.

पडद्याची कल्पना गिरजाबाईची. एके सकाळी, उभ्या गाडीत, ती म्हणाली, "देवळात पट बंद करतात ना? पुजारी पडदा लावते, का झालं, जा घरी. तसं करू. आपलं दर्शन बंद." सगळ्यांना ते पटलं. वस्तीतून, गावातून, सगळीकडून पातळं आली, गोधड्या आल्या, चादरी, बैलांच्या झुली. रुळाच्या कडेनं बांबू रोवले आणि फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पडदा बांधला. मायनं तिचं एकुलतं चांगलं पातळ दिलं, निळं. त्या दिवसापुरती आमच्या वस्तीची आणि गावाची कापडं एका दोरीवर होती.

मग म्हणाले, त्या लोकांना कळलं पाहिजे, इंग्रजीत लिहा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गोणपाटावर गेरूनं लिहायचं होतं. दर्शनाला इंग्रजी शब्द आठवेना, म्हणून दर्शनच ठेवलं, आणि पुढे लिहिलं 'क्लोज'. शेवटचं अक्षर, डी, राहिलं. त्या अक्षराशिवाय त्या शब्दाचा अर्थ 'जवळ' असाही होतो, हे मला तेव्हा सुचलं नाही. पहिला तास बुडत होता ना.

काचगाडी आली. पाटी पाहिली असावी, कारण ती हळू झाली. आतले लोक उठून उभे राहिले. आम्ही सगळे पडद्यामागे, श्वास धरून. माझ्यासमोर दोन गोधड्यांमध्ये एक फट होती. मी पाहिलं, ते हसत होते. आनंदानं. वाऱ्यावर फुगलेली लाल, हिरवी, पिवळी पातळं, मायचं निळं. कॅमेरे थांबेनात. आतल्या माणसानं भोंग्यात काहीतरी सांगितलं, आणि ते बाहेर ऐकू आलं.

"काय म्हनला गा तो?" गिरजाबाईनं माझा खांदा धरला. "समजलं का त्याले?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. शिकलेला मीच होतो. मी म्हणालो, "सण हाय म्हणे आपला."

गिरजाबाई दोरीकडे गेली आणि गाठी सोडायला लागली. तिच्या बोटांना गाठ सुटेना, तेव्हा तिनं ती दातांनी सोडली.

त्याच दिवशी कॉलेजात मला बोलावलं गेलं. हजेरी इतकी कमी आहे, की असंच चाललं तर परीक्षेला बसता येणार नाही. मी गाडीचं सांगितलं. समोरचे सर म्हणाले, "मग शहरात राहा." वाईट बोलले नाहीत. शहरात राहणं म्हणजे खोली बदलणं असंच त्यांना वाटत असावं. घरी येऊन मी बाबांना सांगितलं. ते ओट्यावर बसून थापीला लागलेला चुना खरवडत होते. ते खरवडत राहिले. थापी स्वच्छ झाली तरी.

सकाळी पॅसेंजर नेहमीसारखी बाजूच्या रुळावर लागली. लोक उतरले. थंडी होती, कोणाच्या तरी शेंगांची वाफ वर जात होती. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याची घडी केली, मोकळ्या रुळावर ठेवली आणि तिच्यावर बसले. जेवायच्या सुट्टीत विटांच्या ढिगावर बसतात तसे. पिशवी शेजारी ठेवली.

गिरजाबाईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग डोक्यावरची पाटी उतरवून रुळांच्या मधे ठेवली. "सरका भाऊ," ती म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी बसली. मग दूधवाला. मग कोण कोण, मला आठवत नाही. मी बाबांच्या मागे बसलो. रूळ थंडगार होता, पँटीतून गारवा वर चढत होता.

मास्तर हिरवी झेंडी हातात तशीच घेऊन पळत आला. "अहो, उठा. हे काय करून बसलात?"

"बसलो साहेब," बाबा म्हणाले. "आमची गाडी आधी सोडता म्हना, उठतो."

"असं नाही चालत. वरून ऑर्डर आहे."

"मंग वरूनच जाऊ द्या ना तिले," गिरजाबाई म्हणाली. "आमी कुठं अडवलं? आमी तर खाली बसलो."

मास्तरला हसू आलं होतं, मी पाहिलं. त्यानं तोंड फिरवलं आणि लाल झेंडी आणायला गेला.

काचगाडी दुरूनच शिट्या देत आली आणि थांबली. टेंभरीला पहिल्यांदाच. इंजिन आमच्यापासून इतकं जवळ, की त्याची ऊब पायांना लागत होती. मी उठून फलाटावर आलो, तिथं उरलेलं गाव येऊन बसलं होतं. का उठलो ते सांगता येत नाही, बहुतेक त्यांना एकदा समोरासमोर पाहायचं होतं. आमच्यामध्ये फक्त काच होती. आधी त्यांनी फोटो काढले. मग कॅमेरे खाली आले. आम्ही ओवाळत नव्हतो, हसत नव्हतो, पडदा नव्हता. नुसते बसलो होतो आणि पाहत होतो. बराच वेळ. कपातलं त्यांचं जे काही होतं, ते कोणी प्यायलं नाही.

मग एका बाईनं हात खाली नेला आणि तिची खुर्ची वळली. दुसऱ्या बाजूला. मग तिच्या शेजारच्या माणसाची. मग एकेक करून सगळ्या. कोणी उठलं नाही, कोणी रागावलं नाही. पलीकडे काहीच नव्हतं. पडीत जमीन, आणि बेशरमाची झुडपं. ते सगळे बेशरमाच्या झुडपांकडे तोंड करून बसले, आणि आमच्यासमोर राहिल्या तांबड्या खुर्च्यांच्या पाठी, पांढऱ्या खोळी घातलेल्या.

काच बंद होती. तरी मला तो आवाज आठवतो, कुर्र, एकामागून एक. ऐकला होता की नंतर मनानं घातला, याची इतकी वर्षं खात्री नव्हती.

फलाटाशी रूळ जरा वळतो, म्हणून बाबा बसल्या जागेवरून ते पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी राग पाहिला नव्हता, त्या दिवशीही दिसला नाही. पण त्यांनी दुपट्ट्याची घडी उलगडून पुन्हा घातली. पुन्हा उलगडली.

शेवटी मास्तरनं पॅसेंजर आधी सोडली, आणि आम्ही उठून तिच्यात बसलो. मी पहिल्या तासाला पोचलो, आणि हजेरी देताना माझा आवाज इतका मोठा निघाला, की मुलं वळून पाहू लागली. त्यानंतर आमची गाडी आधी जायची. मी परीक्षेला बसलो. होळीच्या सुमारास काचगाडी यायची बंद झाली, जशी आली तशीच, कोणी काही न सांगता. पाटी बरेच दिवस होती. पावसात आधी 'निसर्ग' पुसला गेला, 'दर्शन' शेवटपर्यंत टिकलं. गिरजाबाई गेली त्याला आता दोन उन्हाळे झाले. शहरात खोली घेतल्यापासून मी स्वतः त्या गाडीत क्वचितच बसतो. तुरीच्या शेंगा इथंही मिळतात. त्यांना कोळशाचा वास नसतो.

"काय गाडी होती," सलूनवाला माझ्या मानेवरचे केस झटकत म्हणत होता. "आपल्या नागपूरले शोभून दिसे. पन लाईनीवरच्या गाववाल्यांनी बंद पाडली. अडानी लोक. रुळावर जाऊन बसले म्हने. आता त्यायले काय कळते, सांगा."

मी आरशात पाहिलं. दुसऱ्या दिवशी मला पुष्कळ बोलायचं होतं. इथं "मी त्याच" एवढंच म्हणालो, आणि कात्रीच्या आवाजात ते विरून गेलं.

"झालं," तो म्हणाला. कापड सोडलं. मग बाबांकडे वळला. "काकाजी, तुमची दाढी करून देऊ? या, बसून तर पाहा. राजासारखं वाटते."

बाबा उठले. पिशवी माझ्या हाती दिली. खुर्चीजवळ येऊन त्यांनी आधी हातानं तिची पाठ चाचपली, भिंत ओळंब्यात आहे का पाहतात तशी. मग बसले. त्यांचा अंगठा आपोआप कळेवर गेला. खुर्ची वळली. आरसा गेला, भिंत गेली, दार आलं, दारातून सदरचा रस्ता, सायकली, रिक्षा, माणसं. कुर्र. त्यांनी आणखी वळवली, आणि आता सलूनवाल्याकडे त्यांची पाठ झाली.

"आरशाकडं फिरवा काकाजी, दाढी कशी करू?"

"मी तिथंच होतो," बाबा म्हणाले. "रुळावर."

सलूनवाल्यानं साबणाचा ब्रश वाटीत ठेवला.

"इतके दिवस मले वाटे," बाबा रस्त्याकडे पाहत म्हणाले, जसं काही मलाच सांगत होते, "का मानसाकडं पाठ फिरवाले थ्यायले काही तरी जोर लागला असन. जरासा तरी." त्यांनी कळ पुन्हा दाबली, खुर्ची हळूच फिरून आरशासमोर आली. "काहीच लागत नाही बाबू. बोट लागते फक्त."

मग ते खाली उतरले, बाकावर जाऊन बसले आणि हनुवटी वर केली.

"इथंच करा," ते म्हणाले. "मी वळत नाही."